आईच्या किटबॅगेसोबत वारी

आळंदीहून पुण्याकडे येताना दिघीपासून पुढे रस्त्याच्या कडेने लष्कराची कुंपणं लागतात. तिथल्या क्वार्टर्समधल्या बायका पाण्याचे हंडे आणि केळ्यांचे घड घेऊन उभ्या असतात. त्यांच्याकडे बघितल्यावर आई आठवते, कारण कितीतरी वर्षं ती वारीत नव्हती, वारीच्या काठावर होती. अप्पा, माझे वडील, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत. ते फील्डला गेले की कुटुंबाला मागे राहावं लागे, पोरांच्या शाळा, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. तुकोबांची पालखी दापोडी-बोपोडीवरून खडकीतून जाते. तेवढ्या वेळापुरती ती रस्त्यावर येई, पाणी वाटी आणि भाकरी टाकायला घरी परते. चालायला लागली ती अप्पा पेन्शनीत आल्यावर आणि माउलींसोबत, कारण तिचं माहेर सासवडकडचं. यंदा ती नाही. तिची पिशवी मी घेतली.

पिशवी म्हणजे अप्पांची हिरवी किटबॅग, जाड कॅनव्हासची, वर पांढऱ्या रंगाने घातलेला त्यांचा नंबर. दिंडीच्या ट्रकमध्ये पिशव्या एकावर एक फेकल्या जातात, तळातल्या हमखास भिजतात, आणि मुक्कामावर अंधारात एकसारख्या शंभर पिशव्यांतून आपली शोधावी लागते. तो नंबर बॅटरीच्या उजेडात लांबूनही दिसतो. आत आधी प्लास्टिकचं पोतं, मग सामान. तळाला आषाढीला नेसायचं लुगडं, मधे रोजच्या दोन सुती साड्या, जुन्या, धुऊन विरलेल्या. नवी सुती साडी रात्रीत वाळत नाही आणि ओल्या काठाने पोटऱ्या सोलवटतात. सगळ्यात वर ताट-वाटी, पेला, पावसाचा कागद. बाहेरच्या खिशात छोटी कापडी पिशवी, तिच्यात पायांचं सामान, चालताना ती काढून खांद्याला लावायची. पायांचं सामान कधीही ट्रकमध्ये टाकायचं नाही, हे तिचं ठाम मत, कारण ते लागतं तेव्हा ट्रक चार किलोमीटर पुढे असतो.

दिवे घाटाचा दिवस एकादशीचा, पोटात साबुदाणा आणि चाल सगळ्यात लांब, पुणे ते सासवड तीस किलोमीटरच्या वर. पुलगेटला भुरभुर होती, हडपसरला ऊन कडक पडलं. पाय जातात ते अशाच दिवशी. ओली कातडी मऊ पडते, तापलेल्या डांबरावर चप्पल घासते, वरचा थर आतल्या थरापासून सुटतो आणि मधे पाणी भरतं. पण फोड येण्याआधी त्या जागी चुरचुर होते, ती ओळखायची. आई म्हणायची, चुरचुरलं की तिथंच बूड टेकायचं. दिंडी पुढे जाऊ दे, पताका बघत गाठता येते. पाय कोरडा पुसायचा, कापडी चिकटपट्टी ताणून, सुरकुती न राहू देता लावायची. सुरकुती राहिली तर तीच नवा फोड आणते. बूट घालणाऱ्याने आत पातळ सुती मोजा आणि वर जाड मोजा घालायचा, म्हणजे घासाघीस मोज्यामोज्यांत होते, कातडीवर येत नाही. हे अप्पांच्या रूट मार्चचं शिक्षण. घरी आले की ते आधी पाय तपासत, मग चहा. तिने ते बघून बघून उचललं आणि आमच्या दिंडीतल्या बायकांना लावलं.

फोडाच्या बाबतीत तिचं दिंडीतल्या जाणत्यांशी कधी पटलं नाही. बहुतेक जण सुईने दोरा ओवतात आणि दोऱ्याची दोन टोकं फोडात तशीच ठेवतात, पाणी झिरपत राहावं म्हणून. पाणी झिरपतं हे खरं, पण त्याच दोऱ्यावरून रस्त्याचा चिखल आत जातो आणि तिसऱ्या दिवशी पू होतो. लहान फोडाला हात लावायचा नाही. रुपयाएवढा असेल आणि भार त्याच्यावरच येत असेल तर साबणाने पाय धुवायचा, सुई ज्योतीवर लाल करून निवू द्यायची, फोडाच्या कडेला खालच्या अंगाने दोन ठिकाणी टोचायचं, स्वच्छ फडक्याने दाबून पाणी काढायचं. वरची कातडी सोलायची नाही, तीच पट्टीचं काम करते. मग मलम, कोरडी पट्टी, रोज बदलायची. साखरेचा आजार असेल त्याने मात्र सुई हातात धरायचीच नाही, सरळ वैद्यकीय पथकाच्या तंबूत जायचं. त्यांना टोचलेलं दुखत नाही आणि चिघळलेलं कळत नाही.

फुरसुंगी फाट्याच्या पुढे माझी टाच गेली. पट्टी लावून उठले, पण पाऊल टाकवेना. शेजारच्या मांडवात कर्ण्यावर सिनेमाची गाणी लावलेली, दिंडीतला अभंग ऐकू येईना. पुढाऱ्यांचे फलक, त्यांच्याखाली बिस्किटांच्या पुड्यांचा पाऊस, पायाखाली चेंगरलेले कागदी पेले. भजनाची ओळ तोडून मधे घुसणाऱ्या मोबाईलवाल्यांचा इतका राग आला की तोंडातलं नाव तुटलं.

रस्त्याच्या कडेला एक गटई कामगार बसला होता. पुढ्यात आरी, रापी, जुन्या टायरचे तुकडे आणि चपलांचा ढीग. वारकऱ्यांकडून त्या दिवशी पैसे घ्यायचे नाहीत असा त्याचा नेम. त्याने मला चप्पल मागितली नाही, आधी टाच बघायला मागितली. फोड नेमका कुठे आहे ते बोटाने हवेतच मापलं, चपलेच्या आतल्या तळव्यावर खडूने गोल काढला आणि रापीने तेवढाच गोल कापून काढला. भोवती जुन्या स्लीपरच्या रबराचं पातळ कडं चिकटवलं. आता भार कड्यावर येणार, फोड खळग्यात अधांतरी राहणार. “लगेच घालू नका, माउली. सोल्युशन वाळू द्या. ओलं असताना घातलं की सरकतं,” तो म्हणाला आणि बसायला स्वतःचं पोतं पुढे केलं. मग किटबॅगेतून काढून खांद्याला लावलेल्या कापडी पिशवीकडे बघून, कारण तिच्यावरही तोच नंबर घातलेला आहे, विचारलं, “फौजेतलं कोण?”

“वडील. पिशवी आईची.”

त्याने मान हलवली आणि पुढची चप्पल घेतली. सोल्युशन वाळेपर्यंत त्याने मला तीनदा पाणी विचारलं, प्रत्येक वेळी हातातलं काम न थांबवता. नुसतं पाणी पिऊ नका म्हणाला. ते आईचंही म्हणणं होतं: घाम फार गेला की लिटरभर पाण्यात साखर सपाट सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा, छोटा चमचा, मापूनच. मीठ अंदाजाने टाकलं तर कमी-जास्त होतं आणि जास्त झालेलं वाईट. त्या खळग्याच्या चपलेने मी पंढरपूर गाठलं. तो माणूस नसता तर सासवडलाही ट्रकमधूनच गेले असते.

वडकीला विसावा आणि मग घाट. रथाला वाढीव बैलजोड्या जुंपल्या, वळणावळणाने पताका वर चढताना दिसल्या आणि माझ्या पुढची बाई मोठ्याने गाता गाता रडायला लागली. मलाही आवरलं नाही.

घाटात आईचा जुना हरिपाठ आठवला. डिसेंबर १९७१ च्या युद्धात तिने खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवला होता, ब्लॅकआउटसाठी. अप्पांच्या पत्रावर ‘५६ एपीओ’ हा लष्करी टपालाचा पत्ता एवढंच, गावाचं नाव नाही. युद्ध ३ ते १६ तारखेपर्यंत, पण नंतरही सुरुंग काढायला सॅपर्स मागे राहिले, त्यामुळे शेजारच्या क्वार्टर्समध्ये माणसं परत आली तरी आमच्याकडे नाही. त्या दिवसांत रोज संध्याकाळी ती शेजारणींना गोळा करून हरिपाठ म्हणायची. नवस मात्र बोलली नाही. सगळ्यांचेच नवरे तिकडे होते, आपल्या एकट्यासाठी मागायचं तिला बरं वाटेना.

सासवडला दोन रात्री मुक्काम, म्हणजे कपडे धुणं आणि आईचं कागदांचं काम. अप्पा गेल्यावर तिने स्वतःची फॅमिली पेन्शन स्वतः उभी केली आणि मग मुक्कामावर बायका तिच्याकडे कागद घेऊन यायला लागल्या. कपाळाला बुक्का, मांडीवर पत्र्याची पेटी. ती पहिला प्रश्न एकच विचारायची: पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे नवऱ्याच्या लष्करी नोंदीत, लग्नाची नोंद आहे का, आणि त्यात तुझं नाव काय लिहिलंय? तिथेच अडतं. सासरचं नाव एक, आधारवर माहेरचं दुसरं, जन्मतारीख तिसरीच. दुरुस्ती बँकेत होत नाही. प्रतिज्ञापत्र, आधार, पीपीओची म्हणजे पेन्शनच्या आदेशाची प्रत घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तिथून ज्याच्या त्याच्या रेकॉर्ड ऑफिसला, सॅपर्सचं खडकीला, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला. नवरा हयात असतानाच हे करून घ्या, असं ती बायकांना दटावून सांगे. तो स्वतः सही करतो तेव्हा काम सोपं असतं. साधी फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, त्यात वर्षभराची थकबाकी म्हणजे पोराची फी बुडते.

जेजुरीला भंडारा, वाल्हे, नीरेला पादुकांचं स्नान, लोणंद, चांदोबाचा लिंब, फलटण. पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. पाऊस कुठे लागला आणि राहुटी कुठे उडाली हे आता सांगता येणार नाही.

वेळापूरच्या मुक्कामात परभणीकडच्या एक आजी किटबॅग बघून आल्या. “नंबरवाली बाई कुठंय?” आई गेल्याचं सांगितलं. त्या माझ्या गळ्यात पडल्या, बराच वेळ बोलल्या नाहीत, मग कनवटीचा कागद काढला. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला अडला होता. शेतात राबून बोटांच्या रेषा गेल्यात, यंत्र अंगठा घेत नाही. आईच्या वहीत याचं पान आहे: अंगठा नाही लागला तर डोळ्याचं यंत्र मागायचं, नाहीतर मोबाईलवर चेहऱ्याने करायचं, उजेडाकडे तोंड करून, चष्मा काढून, डोक्यावरचा पदर मागे घेऊन. जो मोबाईल नंबर द्याल तो चालू असायला हवा. तेही नाही जमलं तर कागदी दाखला, बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आजींच्या नातवाचा नंबर मी वहीत उतरवून घेतला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला फोन करायचा आहे, शेवटच्या आठवड्यात रांगा लागतात.