बर्न

काल दुपारी जेवून आडवा झालो होतो, तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरलं, म्हणे आज एवढ्या एवढ्या कॅलरीज बर्न केल्यात. अरे मी कुठे काय केलं, लोळतोय की! पण ते खोटं बोलत नाही. १७८० च्या दशकात लव्हाझिए आणि लाप्लास या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात बसवलं, त्याच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि सांगून टाकलं की श्वास घेणं म्हणजे हळूहळू जळणंच. म्हणजे लोळतानाही आपण आतून धुमसत असतोच.

तरी बर्न म्हटलं की मला अजून सीडीच आठवते. ७०० एमबीची कोरी सीडी, ट्रे आत गेला की घरात कर्फ्यू, माउसला हात लावायचा नाही, दुसरं काही उघडायचं नाही, कारण मधेच डेटा अडकला की बफर अंडररन आणि सीडी बाद. आई विचारायची काय चाललंय, मी म्हणायचो सीडी बर्न करतोय. 'जाळायचीच होती तर आणलीस कशाला?' तशी ती बरोबरच होती म्हणा, लेझर आतल्या डायच्या, म्हणजे रंगद्रव्याच्या, थराला चटकेच देतो. अर्धी भरलेली सीडी उलटी करून उजेडात तिरकी धरली की मधल्या भोकापासून जिथवर जळलीये तिथवर वेगळ्या छटेचं कडं दिसायचं, पुढचं कोरं. मला ते कडं बघायचाच नाद, गाणी नंतर.

आणि ते सॉफ्टवेअर, नीरो बर्निंग रॉम! जर्मन लोकांची कोटी, सीडी-रॉममधला रॉम आणि त्यांच्याकडे रोमलाही रॉमच म्हणतात, म्हणजे रोम जाळणारा नीरो. आयकॉनवर पेटलेलं कोलोसियम, रोममधलं ते भलंमोठं गोल प्रेक्षागार. आता रोमची आग सन ६४ ची, तेव्हाचा सम्राट नीरो मेला ६८ ला, आणि कोलोसियम बांधायला घेतलं ते त्याच्यानंतर, व्हेस्पाझियन सम्राटाने. जे उभंच नव्हतं ते पेटवलं! हे कळल्यावर मला उगाचच प्रचंड आनंद झाला होता.

बर्नआउट, बर्न रेट वगैरे ऑफिसातली मंडळी बघून घेतील. घर बर्न अप झालं काय नि बर्न डाउन झालं काय, राख तेवढीच.

पण कहर म्हणजे स्कॉटलंडात बर्न म्हणजे चक्क ओढा. १३१४ ची बॅनकबर्नची लढाई, ती ओढ्याच्याच नावाने ओळखली जाते. स्पेलिंग तेच, एकीकडे आग नि एकीकडे पाणी. असेना का, आपल्याला कुठे तिथे पाणी भरायला जायचंय.