भजनी मंडळासाठी प्रीअँप निवडताना

बेळगावात शहापूरला माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. निम्मं काम भजनी मंडळांचं, बाकी कानडी-मराठी जाहिरातींचे आवाज आणि अधूनमधून एखादा गिटारवाला कॉलेजचा पोरगा. मुख्य माइक शुअरचा एसएम७बी. आवाजाला छान, पण सिग्नल इतका बारीक की ६० डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास गेन द्यावाच लागतो, म्हणजे सिग्नल तेवढा मोठा करावाच लागतो. माझ्या इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीचा) गेन तिथवर नेला की मागून फुस्स ऐकू यायचं. म्हणून चॅनल स्ट्रिप बघायला लागलो, म्हणजे माइकचा सिग्नल मोठा करणारा प्रीअँप आणि आवाज सुधारायची इतर साधनं एकत्र असलेली पेटी.

अ‍ॅव्हलॉन ७३७ची किंमत पाहून ते पान लगेच मिटलं. मग डीबीएक्स २८६एस. प्रीअँप, कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवरणारा), डी-एसर (टोचणारे स, श कमी करणारा), एन्हान्सर (आवाज खुलवणारा), गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा), सगळं एका पेटीत आणि खिशाला झेपणारं. कोल्हापुरात मित्राकडे ती होती, म्हणून आमचे बुवा आणि पखवाजवाला यांना घेऊन निपाणीमार्गे तिकडेच गेलो. जाहिरातीच्या आवाजावर तिनं खरंच कमाल केली. टोचणारे स, श जागेवर बसले. पखवाजाला मात्र गेट लावला आणि कणकेच्या बाजूवर थाप पडली की मागची आस (घुमत राहणारा नाद) मध्येच तुटायची. बुवांनी अभंगात टीप गाठली तिथं कॉम्प्रेसरनं आवाज खाली ओढला. ऐकून हेडफोन काढत म्हणाले, "माझी मान धरून खाली दाबलीस की रे!"

हे कॉम्प्रेसर, गेट वगैरे प्रोसेसिंग बायपास करता (टाळता) येतं, पण मग हाती उरतो नुसता प्रीअँप. आणि रेकॉर्ड करतानाच कॉम्प्रेशन बसलं की नंतर ते निघत नाही. जाहिरातीत चालून जातं. भजनात बुवा हळू आळवता आळवता कधी टिपेला जातील ते त्यांनाही ठाऊक नसतं.

त्याच मित्राकडे फोकसराइटचा आयएसए वन होता. याला स्ट्रिप म्हणता येणार नाही, ना ईक्यू (खर्ज-टीप कमीजास्त करणारा) ना कॉम्प्रेसर. पण गेन ८० डीबीपर्यंत, आत लुंडाल कंपनीचा ट्रान्सफॉर्मर, आणि माइकसाठी इनपुट इम्पीडन्स (माइकला समोर मिळणारा विद्युत अवरोध) चार पायऱ्यांत बदलता येतो. तोच एसएम७बी सर्वांत खालच्या, म्हणजे ६०० ओहमच्या पायरीवर बुवांना भरदार वाटला. ६८०० ओहमवर टाळाची धार उघडली. एका माइकचे दोन झाल्यासारखं. डीआय इनपुट (वाद्य थेट वायरनं जोडायची जागा) वेगळा असल्यानं इलेक्ट्रॉनिक तानपुरा माइकला न अडवता तिथून घेता येतो. इन्सर्टही आहे, पुढं कधी चांगला कॉम्प्रेसर मिळाला तर जोडता येईल. माझ्या हिशेबात सगळ्या कामांना चालणारी पेटी हीच. मुंबईच्या दुकानातून मागवली. डी-एसर आता कॉम्प्युटरवर लावतो, जाहिरातवाल्यांना फरक कळलेला नाही.

याच पेटीवरचा ७५ हर्ट्झचा फिल्टर (त्याखालचा खर्जातला आवाज काढणारा) दाबला की रस्त्यावरच्या ट्रकची घरघर जवळजवळ जाते. पत्र्यावरच्या पावसाला त्याचा काही उपयोग नाही. पावसाचा आवाज वरपासून खालपर्यंत सगळीकडे असतो, त्यामुळं जुलैत मी मंडळांना तारखाच देत नाही.