पहिल्या पावसात भिंत ओली? बिल्डरला लेखी कळवा

बेळगावच्या टिळकवाडी, वडगावातल्या नव्या फ्लॅटची खरी परीक्षा जूनमध्ये होते. पश्चिमेची भिंत ओल धरते, खिडकीच्या चौकटीभोवती पाणी झिरपतं. बहुधा तिथला सांधा नीट भरलेला नसतो. 'दिवाळीला रंग मारून देतो' हे उत्तर अजिबात स्वीकारू नका. रंगाने ओल झाकते, थांबत नाही. रेरा (घरबांधणी व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या) कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा असतो. नाहीतर भरपाई मागता येते. म्हणून फोनवर भांडू नका. नेमकी जागा, तारीख, फोटो असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. तरी हालचाल नसेल तर कर्नाटक रेरा प्राधिकरणाकडे ऑनलाइन तक्रार करा. आणि करार कन्नडमध्ये असेल, तर सहीआधीच जाणकाराकडून ओळ न् ओळ समजून घ्या.