तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतः विमान चालवत परदेश फिरणं

लग्नात, हळदीकुंकवाला, दुकानात युरियाची गोणी न्यायला आलेल्या गिऱ्हाईकाकडून, कुठूनही हा प्रश्न येतोच. "ताई, तुमच्याकडे विमानाचं लायसन्स आहे म्हणे. मग स्वतःच विमान चालवत परदेश फिरता का?" आणि त्याला जोडूनच, "पन परवडस का वं ताई?"

फिरते. पण इथून विमान घेऊन जात नाही. चारचौघांसारखी मुंबईहून प्रवासी विमानाने जाते आणि तिकडे पोचल्यावर छोटं विमान भाड्याने घेते. ज्यांना हे ऐकून हिरमुसल्यासारखं होतं, त्यांच्यासाठी आधी इथून का नाही ते सांगते.

आमच्यासारख्यांच्या हाती येणारं विमान म्हणजे सेस्ना 172. चार सीट, एक इंजिन, ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेग, आणि टाकी भरली की हजार-अकराशे किलोमीटरचा पल्ला. मुंबई ते मस्कत अंतर आहे दीड हजारावर, आणि खाली सगळा समुद्र. किनाऱ्याकिनाऱ्याने जावं तर पाकिस्तानने एप्रिल 2025मध्ये भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. उत्तरेला हिमालय; हे विमान जेमतेम चौदा हजार फूट चढतं आणि केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नसते. शिवाय आमच्या जळगावहून थेट परदेशी निघता येत नाही. कस्टम आणि इमिग्रेशन असलेल्या विमानतळावर आधी जायचं, हवाई दलाचा क्लिअरन्स नंबर घ्यायचा, वाटेतल्या प्रत्येक देशाची परवानगी काढायची. त्यात या इंजिनाला लागणारं विमानाचं पेट्रोल, एव्हगॅस, सगळीकडे मिळत नाही. मोठ्या विमानतळावर टँकर उभे असतात ते जेटच्या इंधनाचे. ते आपल्या टाकीत चुकून गेलं तर इंजिन हवेत बंद पडेल. स्वतःचं विमान विकत घेण्याचं तर नावच नको. सप्टेंबर 2025पासून खासगी वापराच्या विमानावर 40 टक्के जीएसटी आहे.

लोकांनी हे केलेलं नाही असं नाही. विजयपत सिंघानियांनी 1988मध्ये लंडनहून अहमदाबादपर्यंत मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं छोटं विमान, आणलं. मुंबईच्या आरोही पंडितने 2019मध्ये एवढ्याशा दोन सीटच्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला. स्कॉटलंडमधल्या विकहून आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडातल्या इकालुइटला उतरली. त्या दोघांना माझा सलाम. पण ती मोहीम झाली. मला सुट्टी हवी असते.

माझी सुट्टी आफ्रिकेतल्या नामिबियात जाते. तिथलं विमान वाहतूक खातं आपल्या लायसन्सला मान्यता देतं, मग भाड्याने देणारे आपला एक इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून चाचणी घेतात. राजधानी विंडहूकच्या एरोस विमानतळावरून छोटी विमानं सुटतात. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे 1700 मीटरवर. आता इथे धुळ्याला विमान शिकलेल्या माणसाला एक फायदा आहे, तो कुणी सांगत नाही. मे महिन्यात पारा 45ला टेकला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा दम कमी पडतो आणि विमान धावपट्टी खात खात धावतं. म्हणून आपल्याकडे उड्डाणं पहाटेच उरकतात. एरोसला तीस अंशांतच तसं होतं, कारण उंचीमुळे हवा आधीच पातळ. युरोपातून आलेली मंडळी तिथे पहिल्या दिवशी गांगरतात. आपण नाही. तरी मी 172 घेत नाही, सेस्नाचंच जास्त ताकदीचं 182 घेते.

तोटे विचारता, तर पहिला तोटा सामान. चार सीट आहेत म्हणजे चार माणसं मावतील हा गैरसमज. 172ची टाकी पूर्ण भरली की माणसं आणि बॅगा मिळून साधारण अडीचशे किलो उरतात. खानदेशी खात्यापित्या घरातले तीन जण बसले की संपलं. हँगरमध्ये वजनकाटा असतो, त्यावर बॅगेसकट उभं राहायचं आणि आकडा सगळ्यांसमोर कागदावर चढतो. एकदा जाऊबाई सोबत होत्या, बिबड्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांचा, डबा आणि लोणच्याची बरणी घेऊन. बिबड्या गेल्या, बरणी राहिली. चाकांची टणक सूटकेस तर दारातून आतच जात नाही. कापडी बॅग लागते.

दुसरा तोटा मोठा: तुमचा दिवस तुमचा राहत नाही. नामिबियाच्या किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतो, त्याच्यामुळे तिथल्या स्वाकोपमुंड गावाला सकाळी धुकं धरतं आणि उठेल तेव्हा उठतं. हॉटेलचे पैसे पुढच्या गावी भरलेले, नवरा घड्याळाकडे बघतोय, आणि आपण धावपट्टीच्या कडेला कोरी कॉफी पीत बसलेलो. अशा वेळी "चला, निघू, वाटेत उघडेल" म्हणणारा माणूस बरोबर असेल तर पुढच्या खेपेला त्याला घरी ठेवा. परतीच्या मोठ्या विमानाच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे सोडायचे, नाहीतर घाई होते आणि या धंद्यात माणसं घाईनेच मरतात.

तिसरा तोटा बारीक आहे, पण मला तोच जास्त खुपतो. चालवणाऱ्याला कमी दिसतं. खाली किनाऱ्यावर एडुआर्ड बोहलन नावाचं जहाज आहे, 1909मध्ये रुतलेलं. नंतर वाळू समुद्राकडे सरकत गेली, त्यामुळे आता ते पाण्यापासून कितीतरी आत, कोरड्या वाळवंटात पडलंय. रस्त्याने तिथे जाणं म्हणजे दिव्य, वरून बघायला विमानच हवं. नवऱ्याने खिडकीला नाक लावून पोटभर पाहिलं. मी एक गिरकी मारली, तिरक्या पंखाखाली गंजलेला सांगाडा क्षणभर दिसला, की परत नजर तेलाच्या दाबावर.

मग फायदा काय? वाळवंटातल्या लॉजची स्वतःची मातीची धावपट्टी असते. उतरण्याआधी तिच्यावरून खाली एक फेरी मारायची, हरणं आहेत का बघायचं, असली तर ती पळेपर्यंत थांबायचं. ज्या वाटेला गाडीने खडीवरून अख्खा दिवस जातो, ती दोन तासांत. आणि सकाळचं ते एकटेपण. पंखाखालच्या झडपेतून काचेच्या नळीत थोडं पेट्रोल काढायचं, आकाशाकडे धरून बघायचं: रंग फिका निळा हवा, तळाशी पाण्याचा थेंब नको. थेंब दिसला तर ओतून टाकायचं आणि स्वच्छ येईपर्यंत पुन्हा काढायचं. दुकानात वर्षभर उधारीच्या वह्या सांभाळणाऱ्या मला या कामात जी शांती मिळते ती देवळात मिळत नाही.

परवडण्याचं म्हणाल तर भाडं इंजिनाच्या तासावर असतं आणि बहुतेक ठिकाणी रोजचे ठरावीक तास उडा न उडा, भरावेच लागतात. दोन जोडपी मिळून गेलं, त्यातल्या दोघांकडे लायसन्स असलं, तर खर्चही वाटला जातो आणि खिडकीतून बघायची पाळीही. एकट्या जोडप्याला महाग पडतं, खोटं कशाला सांगू.

आणि व्हिसा बघून घ्या. तिथून ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश बघायला बोत्स्वानातल्या मौनला जाऊन परत यायचं असेल, तर नामिबियाचा व्हिसा एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा हवा. तिथे मे ते ऑक्टोबर हवामान कोरडं असतं. आम्हाला जूनमध्ये बियाण्याच्या गर्दीत दुकान सोडता येत नाही, म्हणून आम्ही पोळ्याच्या आसपास जातो.