जांघेतला ‘कट्ट’

श्रावण अर्धा सरला होता आणि संगमेश्वराकडच्या वाड्यांमध्ये जाखडी या कोकणातल्या लोकनाचाच्या तालमी रात्र रात्र चालू होत्या, तेव्हा 22 वर्षांचा एक नाच्या मुलगा आईबरोबर माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत आला. गुडघा उचलून पाय खाली आणला की उजव्या जांघेत ‘कट्ट’ वाजे आणि तालीम लांबली की तिथेच ठणके. सांध्यातले वंगण आटले आहे, नाच कायमचा सोड, असे त्याला एका ठिकाणी सांगण्यात आले होते. आईने बसण्याआधीच विचारले, “मॅडम, हाड झिजलाय काय ओ?”

एक्स-रेत झीज कुठेच नव्हती. त्याला उताणे निजवून मी पाय दुमडून बाहेरच्या अंगाला नेला आणि तिथून हळूहळू सरळ करत आत आणला, तेव्हा अर्ध्या वाटेवर तो आवाज खोलीभर ऐकू आला. दुसऱ्या खेपेला जांघेवर बोटे दाबून तीच हालचाल केली, तर बोटांखाली काहीतरी थरथरले, पण आवाज झाला नाही. मग मी त्याचीच बोटे तिथे ठेवली. “हे हाड नव्हे,” मी म्हणाले, “कंबरेपासून मांडीपर्यंत येणाऱ्या स्नायूची दोरी आहे. ती सांध्यापुढच्या उंचवट्यावर अडते आणि ताण वाढला की उडी मारून पलीकडे जाते.” त्याने डोळे मिटून पाय तीनदा हलवला. इतके दिवस ज्या आवाजाला तो घाबरत होता, तो आता त्याच्या बोटांखाली होता.

आवाज खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा असता, तर मांडीचा रुंद पट्टा हाडावरून सरकताना डोळ्यांनाही दिसला असता. सांध्यातली कूर्चा फाटलेली असती, तर पाय मध्येच अडकण्याची किंवा वळवताना आत खोल कळ येण्याची शक्यता होती. ती लक्षणे नसल्याची खात्री मी आधीच करून घेतली होती.

दोन आठवडे उड्या आणि खोल बैठका बंद, एक गुडघा जमिनीवर टेकून जांघेचा पुढचा भाग ताणायचा आणि नितंबाचे स्नायू बळकट करायचे, एवढेच मी लिहून दिले. गणपती तोंडावर आलेले असताना हे त्याला किती जड गेले असेल, याची मला कल्पना होती. तरी तालमीला जाऊन तो झांज धरत राहिला.

तिसऱ्या आठवड्यात ठणका थांबला होता, आवाज मात्र अधूनमधून येत होता. दुखत नसेल तर त्या आवाजावर उपचाराची गरज नसते, हे मी आईला दोनदा समजावून सांगितले. तिने एकदाच विचारले, “मग पायात चाळ बांधूदे ना त्याला?” मी होकार दिला.