अकराव्या भागाचा शाप: कसोटी मोडली, तक्ता पुन्हा मांडला

बीएल, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमकथेच्या, मालिकांत शेवटून दुसऱ्या, बहुधा अकराव्या, भागात जोडीत एकाएकी दुरावा येतो. मागच्या नोंदीत हा ‘अकराव्या भागाचा शाप’ मोजण्याचा तक्ता मांडला होता आणि त्यातील पाच मिनिटांची कसोटी बहुतेकांना पटलीही होती. दोघे समोरासमोर बसून पाच मिनिटे मोकळेपणाने बोलले असते तर जो दुरावा टळला असता, तो केवळ शेवटच्या भागात मिलन दाखवता यावे म्हणून घुसडलेला आहे असे समजायचे आणि त्या मालिकेला त्या रकान्यात शून्य द्यायचे, इतका तो सरळ हिशेब होता. या आठवड्यात जपानी ‘चेरी मॅजिक’ पुन्हा पाहायला घेतली आणि हा सगळा हिशेब कोलमडला.

टीव्ही टोकियोची ही २०२० ची मालिका बारा भागांची आहे आणि प्रत्येक भाग जेमतेम चोवीस मिनिटांचा आहे. तिशी गाठेपर्यंत शरीरसंबंधाचा अनुभव न आलेल्या आदाचीला स्पर्शातून समोरच्याचे मन वाचण्याची शक्ती मिळते आणि ऑफिसमधील सर्वांचा लाडका कुरोसावा आपल्यावर प्रेम करतो, हे त्याला कळते. अकराव्या भागात आदाची या शक्तीबद्दल खरे काय ते सांगतो आणि भाग संपताना दोघे वेगळे होतात. आता कसोटी लावा. पाच मिनिटे बोलून हा प्रश्न सुटला असता का? निश्चितच सुटला असता, कारण बाराव्या भागात तो जवळपास तसाच सुटतो. म्हणजे गुण शून्य. पण मालिका पाहिलेला कोणताही माणूस हे शून्य मान्य करणार नाही आणि मलाही ते तक्त्यात लिहवेना.

मग हा दुरावा खोटा का वाटत नाही, याचा छडा लावण्यासाठी मी पहिल्या भागापासून पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी एकच गोष्ट पाहत राहिले: आदाची कुरोसावाला तोंडाने प्रश्न केव्हा विचारतो? तो क्वचितच विचारतो. त्याला विचारावे लागतच नाही, कारण हात लागला की उत्तर आपोआप ऐकू येते. भित्र्या, स्वतःला कमी लेखणाऱ्या माणसाच्या हाती ही शक्ती आली, त्यामुळे विचारण्याचे धाडस त्याने कधी कमावलेच नाही, आणि संबंध आला तर ही शक्ती जाणार, हेही त्याला ठाऊक आहे. म्हणून अकराव्या भागातील त्याची भीती कुरोसावाविषयी नाही. शक्ती गेल्यावर आपण या माणसाला समजून घेऊ शकू का, ही ती भीती आहे. तिचे बीज मालिकेच्या मूळ कल्पनेतच, म्हणजे पहिल्या भागातच, पेरलेले आहे.

कुरोसावाच्या बाजूचे बीज सातव्या भागात सापडले आणि या फेरीतला सर्वांत मोठा आनंद तोच. तो भाग कथा कुरोसावाच्या नजरेतून मागे नेतो. देखणा, हुशार, कुठेच कमी न पडणारा अशी त्याची ख्याती आहे, पण त्या रूपापलीकडे त्याच्याकडे कुणी पाहिलेलेच नाही, आणि दारू चढलेल्या अवस्थेत त्याला सांभाळणारा आदाची त्याच्या दुबळेपणाचेही सहजपणे स्वागत करतो. असा माणूस आपल्या इच्छेचे ओझे दुसऱ्यावर कधीही टाकणार नाही. म्हणूनच अकराव्या भागात तो ‘राहा’ असे म्हणत नाही, उलट आदाचीला बाहेर पडण्याची वाट मोकळी करून देतो. कुरोसावा साकारणाऱ्या माचिदा केइताने हे ज्या संयमाने केले आहे त्याबद्दल स्वतंत्र नोंद लिहावी लागेल. तूर्त इतकेच म्हणते की त्या दृश्यात त्याचा चेहरा जितका शांत राहतो, तितकी आपल्या पोटातली कालवाकालव वाढत जाते.

तेव्हा कसोटी बदलली आहे. पाच मिनिटे बोलून प्रश्न सुटला असता का, हा प्रश्न बाद. नवा प्रश्न असा: या विशिष्ट माणसाला ती पाच मिनिटे बोलता आली असती का, आणि येत नसतील तर ते आपल्याला आधी कोणत्या भागात दाखवले आहे? तक्त्यात ‘बीज’ नावाचा नवा रकाना केला असून त्यात भागाचा क्रमांक लिहायचा आहे. रकाना रिकामा राहिला तरच शून्य.

नव्या रकान्याने जुने निकाल लगेच उलटेपालटे केले. थाई ‘टूगेदर’ (२०२०, तेरा भाग) पाहूनच आपल्यातले कितीतरी जण या नादाला लागले, त्यामुळे पुढचे वाक्य अनेकांना झोंबणार आहे. टाइन हा पहिल्या भागापासून मनात येईल ते बोलून टाकणारा मुलगा आहे. खोटा प्रियकर हो म्हणून सारावातच्या मागे लागण्याइतका तो निर्भीड आहे. तोच टाइन शेवटाकडे सारावातच्या भूतकाळातील मुलगी समोर येताच एकदम मुका होतो. या मुकेपणाचे बीज मला आधीच्या कोणत्याही भागात सापडले नाही, म्हणून रकाना रिकामा आणि शून्य कायम. ब्राइट आणि विन या अभिनेत्यांच्या जोडीवरचे माझे प्रेम यामुळे कमी होत नाही, आणि स्क्रब या बँडची ओळख करून दिल्याबद्दल तर या मालिकेचे सगळे गुन्हे माफ आहेत. पण तक्त्यात माफी चालत नाही.

थाई ‘बॅड बडी’ (२०२१-२२) मात्र पूर्ण गुण घेऊन गेली. दिग्दर्शक आओफ शापाला थेट बगल देतात. दोन्ही घरांत उभे वैर असल्यामुळे पॅट आणि प्राण या जोडीवरचे संकट बाहेरून येते आणि अकराव्या भागात ते एकमेकांपासून दूर जाण्याऐवजी एकमेकांना घेऊन पळून जातात. शेवटच्या भागात कथा काही वर्षे पुढे उडी मारते, जगाला वाटते की हे वेगळे झाले, आणि प्रत्यक्षात ते दोघे सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकत आहेत. प्रेक्षकाला शापाची सवय लागली आहे हे दिग्दर्शकाला पक्के ठाऊक आहे आणि तो त्या सवयीचाच वापर करतो. याचे बीज मी पाचव्या भागातील गच्चीच्या दृश्यात मांडले आहे: त्या चुंबनानंतर प्राण पॅटला एकट्याला सोडून निघून जातो. खरा दुरावा मालिकेने तिथेच, अर्ध्यावर, उरकून घेतला आहे, म्हणून शेवटी त्याची गरज उरत नाही.

कोरियन ‘सिमँटिक एरर’ (२०२२) आठ भागांची असल्यामुळे तिच्यात अकरावा भाग नाहीच; शेवटून दुसरा भाग धरला. चिनी मालिका मी वेगळ्या पानावर हलवल्या आहेत. ‘द अनटेम्ड’सारख्या पन्नास भागांच्या मालिकेत प्रेम उघडपणे दाखवताच येत नसल्याने तिथे दुरावा कोणत्या भागात येतो हा प्रश्नच गैरलागू ठरतो. ‘आय टोल्ड सनसेट अबाउट यू’ (२०२०) या फुकेतमधील मालिकेचे काय करायचे हे अजून सुटलेले नाही. पाचच भाग, आणि नायक तेहला मनातले बोलता येत नाही ही एकच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत चालते. तिथे बीज आणि झाड वेगळे काढता येत नाहीत. ती निर्माण करणारी नादाओ बँकॉक २०२२ मध्ये बंद झाली याची हळहळ मला अजूनही वाटते. लेखनावर इतका वेळ देणारी निर्मितीसंस्था या प्रकारात विरळाच.

साधनांविषयी थोडे. ‘टूगेदर’ आणि ‘बॅड बडी’ काढणाऱ्या जीएमएमटीव्ही या थाई संस्थेच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर एकेक भाग चार तुकड्यांत येतो, याबद्दल पूर्वी मी कुरकुर करत असे, पण या कामाला तीच रचना सोयीची पडली, कारण रडारड बहुधा चौथ्याच तुकड्यात असते आणि नेमके ठिकाण लगेच सापडते. याउलट एका सशुल्क मंचाने परवान्याची मुदत संपताच माझ्या यादीतील दोन मालिका अर्ध्यावरच गायब केल्या. ‘किन्नपोर्श’सारख्या मालिकेची टीव्हीवरची आणि लांबवलेली अशा दोन आवृत्त्या असल्यामुळे मिनिटांच्या नोंदी जुळत नाहीत, म्हणून यापुढे वेळेऐवजी दृश्याचे वर्णन लिहावे, असा माझा आग्रह राहील. त्यासाठी साधी वहीच बरी. स्प्रेडशीटच्या चौकटीत दृश्याचे वर्णन कोंबले की ते नंतर वाचवत नाही.

पुढच्या फेरीत थाई ‘सोटस’ (२०१६) घेण्याचे ठरले होते, परंतु हे लिहिता लिहिताच एक अधिक चांगली कल्पना सुचली. ‘चेरी मॅजिक’ची थाई आवृत्ती २०२३ च्या अखेरीस सुरू झाली, तिच्यात ताय आणि न्यू हे अभिनेते आहेत, भाग तेवढेच बारा आणि प्रत्येक भागाची लांबी मात्र जपानी भागाच्या जवळपास दुप्पट. तीच कथा, तीच शक्ती, तीच भीती, आणि वेळ दुप्पट: नव्या रकान्याची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगली सामग्री मिळणार नाही. वाढलेला वेळ बीज खोल रुजवण्यासाठी वापरला आहे की केवळ उपजोड्या आणि प्रायोजकांच्या वस्तू दाखवण्यासाठी, हे दोन्ही आवृत्त्यांचे समान क्रमांकाचे भाग लागोपाठ पाहून ठरवणार आहे. त्यामुळे ‘सोटस’ एक फेरी पुढे ढकलली आहे. ज्यांनी ती आधीच पाहून ठेवली आहे, त्यांनी तिच्यातील आर्थितच्या अबोलपणाचे पहिले दृश्य नोंदवून ठेवावे. तो रकाना मी तुमच्यासाठी मोकळा सोडला आहे.