बिघाड यंत्रात की प्रणालीत?

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसल्यामुळे विंडोज ११ साठी अपात्र ठरलेल्या अनेक संगणकांवर लिनक्स मिंट, उबुंटू किंवा डेबियन यांसारखी लिनक्सची वितरणे (वापरायला तयार रूपे) बसवली जाऊ लागली. जुने यंत्र आणि नवी प्रणाली अशी ही जोडी असल्यामुळे काही बिघडले की दोष सहसा नव्या प्रणालीच्या माथी मारला जातो. तो दरवेळी तिचा असतोच असे नाही. माझ्या मते दुरुस्तीतला सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे बिघाड यंत्रात आहे, ड्रायव्हरमध्ये (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आहे की वापरकर्त्याच्या मांडणीत आहे हे ठरवणे. ते ठरण्याआधी टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत) कुठून तरी उचललेल्या आज्ञा चिकटवत गेल्यास मूळ बिघाडावर नव्या बिघाडांची पुटे चढतात.

हे ठरवण्यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे लाइव्ह पेन ड्राइव्ह, म्हणजे डिस्कवर काही न बसवता ज्यावरून प्रणाली चालवता येते तो, आणि तोही शक्यतो बसवलेल्या वितरणाहून वेगळ्या व नव्या कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) वितरणाचा. लाइव्ह सत्रात वाय-फाय चालत असेल तर कार्ड शाबूत आहे आणि शोध ड्रायव्हरकडे वळवावा. उलट, तिथेही संगणक मध्येच गोठत असेल तर रॅम, तापमान किंवा वीजपुरवठा यांच्याकडे आधी पाहावे. रॅमसाठी मेमटेस्ट८६+ हा चाचणीचा प्रोग्राम रात्रभर चालू ठेवणे हा योग्य मार्ग, त्याची ६.०० ही आवृत्ती २०२२ मध्ये आल्यापासून ते जुन्या बायोसऐवजी यूईएफआय असलेल्या संगणकांवरही चालते. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबराने पुसण्याचा आपल्याकडील दुरुस्तीवाल्यांचा उपाय काहींना हास्यास्पद वाटतो, पण संपर्कावर मळ साचला असेल तर तो खरोखर लागू पडतो. त्यामुळे नवी रॅम विकत घेण्याआधी तो करून पाहण्यात काहीच गैर नाही.

यंत्राचा दोष प्रणालीच्या वेषात कसा समोर येतो याचे उत्तम उदाहरण म्हणजे मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी. रोज रात्री भिंतीवरचा स्विच बंद करण्याची आपल्या घरांतील सवय पाहता, संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचा सगळा भार या तीन व्होल्टच्या बॅटरीवरच पडतो. ती संपली की घड्याळ मागे पडते आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत ब्राउझर संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरवू शकतो, तर प्रोग्राम बसवणारी एपीटी ही आज्ञा भांडाराची (प्रोग्राम जिथून उतरवले जातात त्या साठ्याची) रिलीज फाइल अद्याप वैध झालेली नाही अशा अर्थाची तक्रार करते. अशा वेळी भांडारांची यादी बदलणे किंवा ब्राउझर पुन्हा बसवणे व्यर्थ आहे. किरकोळ किमतीची बॅटरी बदलली की प्रश्न सुटतो.

मात्र घड्याळ बरोबर साडेपाच तासांनीच चुकत असेल तर बॅटरीला हात लावू नये. विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर असले की हा प्रकार हमखास होतो, कारण लिनक्स मदरबोर्डवरील घड्याळात जागतिक प्रमाणवेळ असल्याचे मानते, तर विंडोज त्याच घड्याळात स्थानिक वेळ असल्याचे गृहीत धरते. लिनक्सने घड्याळ लावल्यानंतर विंडोज सुरू केले की वेळ ५ तास ३० मिनिटे मागे दिसते. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावता येते, पण ती आज्ञाच त्याविरुद्ध इशारा देते. म्हणून विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) बदल करून त्यालाच प्रमाणवेळ मानायला लावणे मला अधिक बरे वाटते. दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांनी विंडोजमधील फास्ट स्टार्टअपही बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्णपणे बंद होत नाही, आणि लिनक्समधून त्याचे विभाजन (डिस्कवरील त्याचा भाग) उघडले तर त्यातील फायली वाचता येतात पण त्यावर काही लिहिता येत नाही.

डिस्कच्या बाबतीत घाईने निष्कर्ष काढणे महागात पडते. कर्नलच्या नोंदीत वाचन-लेखनाच्या चुका दिसल्या की डिस्क गेली असे समजून नवी आणली जाते. प्रत्यक्षात डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या स्मार्टसीटीएल आज्ञेने दिलेल्या तक्त्यातील तीन ओळी आधी पाहायला हव्यात: बदललेल्या सेक्टरांची (डिस्कवरील साठवणीच्या खराब झालेल्या तुकड्यांची) संख्या, प्रलंबित (संशयित) सेक्टरांची संख्या आणि १९९ क्रमांकाची सीआरसी त्रुटींची (माहिती वाहून नेताना झालेल्या चुकांची) संख्या. पहिल्या दोन वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरत आले आहेत आणि त्याच दिवशी माहितीची प्रत काढावी. फक्त तिसरी वाढत असेल तर बहुधा डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब असते. ही संख्या केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही, फक्त वाढायची थांबते. तेवढे लक्षात ठेवून काही दिवसांनी ती पुन्हा तपासावी.

याउलट, सुरू होताना संगणक दीड मिनिट एखाद्या डिस्कची वाट पाहत थांबतो आणि मग आपत्कालीन स्थितीत जातो, तेव्हा यंत्र बहुतेक वेळा निर्दोष असते. सुरू होताना जोडायच्या डिस्कची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये नोंदवलेली दुसरी डिस्क काढून टाकलेली असते किंवा फॉरमॅट केल्यामुळे तिचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदललेला असतो. ती ओळ दुरुस्त करावी, आणि नेहमी जोडलेली नसणाऱ्या डिस्कसाठी नोफेल हा (डिस्क नसली तरी पुढे जाऊ देणारा) पर्याय लिहून ठेवावा.

परवलीचा शब्द बरोबर असूनही लॉगिनचा पडदा पुन्हा पुन्हा समोर येणे ही तक्रार नवख्यांना सर्वांत जास्त घाबरवते. कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मजकुराच्या कन्सोलमध्ये जावे आणि डीएफ आज्ञेने प्रणालीच्या मूळ विभाजनात जागा शिल्लक आहे का ते पाहावे. जागा संपली असेल तर डेस्कटॉपला स्वतःच्या लहानसहान फायलीही लिहिता येत नाहीत आणि तो उघडताच मिटतो. जागा असूनही हेच होत असेल तर घरच्या फोल्डरमधील एक्सअथॉरिटी (डेस्कटॉपला पडदा वापरण्याची परवानगी देणाऱ्या) फाइलची मालकी तपासावी. एखादा दृश्य प्रोग्राम सुडो लावून (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवल्यामुळे ती रूट या प्रशासकाच्या खात्याकडे गेलेली असू शकते.

वाय-फायसाठी जोडलेल्या कार्डांची यादी देणाऱ्या एलएसपीसीआय आज्ञेला ड्रायव्हरची माहिती देण्याचा पर्याय जोडून चालवावे. कार्डाखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरची ओळ नसेल तर ड्रायव्हर नाही, असेल तर आरएफकिलने (वायरलेस चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेने) कार्ड बंद करून ठेवलेले नाही ना ते पाहावे. जुन्या लॅपटॉपमधील ब्रॉडकॉमच्या ४३१४२ सारख्या चिपला डब्ल्यूएल हा बंदिस्त ड्रायव्हर लागतो, आणि तो बसवूनही सुरू होत नसेल तर सिक्युअर बूट ही सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी सही नसलेले मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर) अडवत असण्याची शक्यता मोठी असते. कर्नल अद्ययावत झाल्यावर एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकावर काळा पडदा येतो, त्यामागेही पुष्कळदा हेच किंवा नव्या कर्नलसाठी न बांधले गेलेले मॉड्यूल असते. ग्रबच्या (संगणक सुरू होताना दिसणाऱ्या मेनूच्या) यादीतून मागील कर्नल निवडून संगणक सुरू करता येतो, म्हणून जुना कर्नल लगेच काढून टाकू नये. त्यानंतर नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल आज्ञेला मागील बूटच्या फक्त त्रुटी दाखवायला सांगितले तर कारण सहसा तिथेच लिहिलेले सापडते.

आवाजाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पाइपवायर ही ध्वनियंत्रणा आल्यापासून बहुतेक तक्रारी आवाज एचडीएमआयकडे (मॉनिटरकडे) वळल्याच्या असतात आणि ध्वनीच्या सेटिंगमध्ये योग्य साधन निवडले की मिटतात.

प्रिंटरचे तसे नाही. आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट ही छपाईची सामाईक मानके समजणारा नवा प्रिंटर कप्स या छपाई-यंत्रणेत ड्रायव्हरशिवाय चालतो. पण आपल्याकडील कार्यालयांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत वर्षानुवर्षे टिकून असलेला कॅननचा एलबीपी२९०० हा प्रिंटर सीएपीटी ही स्वतःची भाषा बोलतो आणि ६४ बिटच्या आजच्या वितरणांवर तो चालवणे ही मोठी कटकट ठरते. स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर आहे आणि तो करून पाहायला हरकत नाही. मात्र ज्यांना रोज छपाई करायची आहे त्यांनी लिनक्सवर पीडीएफ तयार करून ती विंडोजच्या संगणकावरून छापावी, हेच मला आज तरी व्यवहार्य दिसते.